छतावरचा अँटेना उतरवा, छत्री आग्नेयेला वळवा

नंदुरबार : नंदुरबार, शहादा, तळोदा या शहरांच्या जुन्या वस्त्यांतील एखाद्या गच्चीवर उभे राहून नजर फिरवली, तर काही घरांवर तो अजूनही दिसतो. लोखंडी नळी, तिच्या टोकाला ॲल्युमिनियमच्या आडव्या दांड्यांचा सांगाडा, कावळ्यांच्या आणि माकडांच्या कृपेने वाकलेल्या त्यातील दोन-तीन दांड्या आणि खाली लोंबणारी, उन्हाने तडकलेली चपटी वायर. केबलचे मासिक शुल्क दरवर्षी डोईजड होत असल्याने हा जुना अँटेना पुन्हा जोडता येईल का, निदान सह्याद्री वाहिनी आणि बातम्या तरी फुकट दिसतील का, असा विचार अनेक घरांत होतो. ज्यांच्याकडे जुना सांगाडा नाही, ते ऑनलाइन विक्रीच्या संकेतस्थळावरून 'डिजिटल अँटेना' या नावाची पातळ पट्टी मागवतात आणि ती खिडकीला चिकटवून वाट पाहत बसतात.

नंदुरबार जिल्ह्यापुरते या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे. दोन्हींतून काहीही दिसणार नाही. दोष अँटेनाचा नाही. त्याने पकडावे असे काही या भागाच्या हवेत आता उरलेलेच नाही. मात्र महिन्याला एक रुपयाही न भरता टीव्ही पाहण्याचा मार्ग या जिल्ह्याला उपलब्ध आहे आणि डोंगरातील पाड्यांसाठी तर तो पूर्वीच्या अँटेनापेक्षा किती तरी सोयीचा आहे. तो समजून घ्यायचा तर आधी जुना अँटेना मुका का झाला, हे पाहावे लागेल.

भारतात दूरचित्रवाणीचा प्रारंभ १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत झाला. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्यानंतर दहा वर्षे टीव्ही ही मोठ्या शहरांचीच मिरास होती. १९८२ च्या दिल्ली आशियाई क्रीडा स्पर्धांच्या निमित्ताने रंगीत प्रक्षेपण आले आणि १९८३-८४ पासून देशभर कमी शक्तीच्या प्रक्षेपण केंद्रांचे जाळे झपाट्याने विणले गेले. खान्देशात टीव्ही रुजला तो याच लाटेत. त्या वेळी नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा नव्हता. धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन तो १ जुलै १९९८ रोजी अस्तित्वात आला. १९८७-८८ मध्ये 'रामायण' आणि त्यापाठोपाठ 'महाभारत' सुरू झाल्यावर रविवारी सकाळी एकाने गच्चीवर नळी फिरवायची, दुसऱ्याने खिडकीतून 'दिसतंय... नाही, गेलं... थोडा मागे' असे ओरडायचे, हा घरोघरचा कार्यक्रम होऊन बसला. ज्यांनी हे अनुभवले आहे, त्यांच्या मनात 'अँटेना म्हणजे उंची' हे समीकरण इतके पक्के बसले आहे की आजही डिश बसवणाऱ्याला ते आधी पाण्याच्या टाकीवर चढवतात. त्याची गरज का नाही, ते पुढे येईलच.

ही छोटी केंद्रे स्वतः कार्यक्रम तयार करीत नसत. दिल्ली-मुंबईहून उपग्रहावर पाठवलेला कार्यक्रम आवारातील मोठ्या डिशने उतरवायचा आणि मनोऱ्यावरून आसपासच्या गावांना पुन्हा प्रक्षेपित करायचा, एवढेच त्यांचे काम. अशा केंद्राचा पल्ला साधारण १५ ते २५ किलोमीटर असे. म्हणजे त्याही काळी चित्र उपग्रहावरूनच येत होते. फक्त त्याचा शेवटचा टप्पा जमिनीवरून चालत होता. पुढे घराघरात केबल आणि डिश आली, जमिनीवरील प्रक्षेपण पाहणारे घटत गेले आणि वीज, देखभाल, मनुष्यबळ यांचा खर्च मात्र तेवढाच राहिला. प्रसार भारतीने ही ॲनालॉग केंद्रे टप्प्याटप्प्याने बंद केली. सामरिकदृष्ट्या महत्त्वाच्या ठिकाणची सुमारे ५० केंद्रे वगळता उर्वरित सर्व मार्च २०२२ पर्यंत बंद करण्याचे धोरण होते. गच्चीवरील सांगाड्यांचे आयुष्य तेथेच संपले.

'दोनशे किलोमीटर रेंज'चे गौडबंगाल

मग 'डिजिटल अँटेना' म्हणून विकली जाणारी वस्तू कशासाठी असते? जमिनीवरील मनोऱ्यावरून डिजिटल स्वरूपात प्रक्षेपित होणाऱ्या वाहिन्या पकडण्यासाठी. अमेरिका, ब्रिटन यांसारख्या देशांत अशा वाहिन्या भरपूर आहेत, त्यामुळे तेथे ती पट्टी उपयोगी पडते. भारतात दूरदर्शनने २०१६ मध्ये १६ शहरांत अशी सेवा सुरू केली. त्यात महाराष्ट्रातील मुंबई आणि औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) ही दोनच शहरे होती. शेजारच्या राज्यांतील इंदूर आणि अहमदाबाद यांचाही समावेश होता. आता नकाशावर पट्टी ठेवून पाहावे. नंदुरबारपासून छत्रपती संभाजीनगर सरळ रेषेत सुमारे २०० किलोमीटर, इंदूर सव्वादोनशे, अहमदाबाद अडीचशे आणि मुंबई जवळपास २९० किलोमीटर आहे.

खोक्यावर छापलेली '२०० किलोमीटर रेंज' येथे कामाची नाही, कारण मध्ये पृथ्वी आडवी येते. टीव्हीच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात आणि पृथ्वीचा पृष्ठभाग वक्र आहे. १०० मीटर उंचीचा मनोरा आणि नऊ मीटर उंचीवरील घरचा अँटेना, असा हिशेब धरला तर दोघांची 'नजरभेट' ५३-५४ किलोमीटरपर्यंतच होते. हे झाले सपाट जमिनीवर. वाटेत डोंगर असेल तर तोही पल्ला आखडतो. अँटेनाला ॲम्प्लिफायर जोडून हे अंतर वाढत नाही. जे पोचतच नाही, ते मोठे कसे करणार? त्यामुळे विक्रेता कितीही आग्रह करो, या जिल्ह्यात असा अँटेना विकत घेणे म्हणजे विहिरीत पाणी नसताना नवा दोर आणण्यासारखे आहे.

जुन्या सांगाड्याच्या दांड्या एवढ्या मोजून-मापून का असत, हे मात्र जाणून घेण्यासारखे आहे. जपानमधील हिदेत्सुगू यागी आणि शिंतारो उदा यांनी १९२६ च्या सुमारास ही रचना मांडली. म्हणून तंत्रज्ञ तिला 'यागी' म्हणतात. लहरीच्या लांबीच्या साधारण निम्म्या लांबीची दांडी ती लहर उत्तम पकडते, हे तिचे सूत्र. २०० मेगाहर्ट्झची लहर दीड मीटर लांब असते, म्हणून तिची दांडी पाऊण मीटरची. वायर फक्त एकाच दांडीला जोडलेली असते. मागची लांब दांडी लहरीला परतवते आणि पुढच्या आखूड दांड्या तिला वाट दाखवतात. उपग्रहाची लहर जेमतेम अडीच सेंटिमीटरची. ती या सांगाड्याला कळणेही शक्य नाही. तिच्यासाठी वाडग्यासारखा परावर्तक लागतो, ज्याला आपल्याकडे सगळे 'छत्री' म्हणतात.

आग्नेयेला, डोक्यावर

दूरदर्शनची मोफत उपग्रह सेवा डिसेंबर २००४ मध्ये 'डीडी डायरेक्ट प्लस' या नावाने सुरू झाली. आज ती 'डीडी फ्री डिश' म्हणून ओळखली जाते. देशातील चार कोटींहून अधिक घरांत ती पाहिली जाते, असा उद्योगक्षेत्राचा अंदाज आहे. छत्री आणि सेट टॉप बॉक्स मिळून एकदाच दीड ते दोन हजार रुपयांच्या आसपास खर्च येतो. त्यानंतर मासिक शुल्क नाही, रिचार्ज नाही.

या सेवेचे प्रक्षेपण जीसॅट-१५ या उपग्रहावरून होते. नोव्हेंबर २०१५ मध्ये सोडलेला हा उपग्रह विषुववृत्तावर, ९३.५ अंश पूर्व रेखांशाच्या वर, सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर आहे. तो पृथ्वीच्याच गतीने फिरत असल्याने आपल्याला आकाशात एका जागी खिळल्यासारखा असतो. नंदुरबारहून त्याची दिशा उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने मोजल्यास सुमारे १३६ अंश येते. बरोबर आग्नेय दिशा १३५ अंशांवर असते. म्हणजे आग्नेय म्हटले तरी चालेल! वास्तुशास्त्र मानणारे घर असो वा न मानणारे, चुलीची म्हणून ही दिशा मराठी घरात सर्वांनाच ठाऊक असते. क्षितिजापासून त्याची उंची सुमारे ५७ अंश आहे. नवापूरपासून शहाद्यापर्यंत आणि तापीकाठापासून धडगावपर्यंत या आकड्यांत एखाद्या अंशाहून अधिक फरक पडत नाही.

यातला ५७ हा आकडा सातपुड्यासाठी फार मोलाचा आहे. मनोऱ्यावरून येणारी लहर जमिनीलगत, आडवी येते. तिला अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतील एखादी टेकडीही पुरे होते. तोरणमाळचे पठार तर हजार मीटरहून उंच आहे आणि त्याच्या पलीकडे नर्मदेच्या दिशेने उतरत गेलेल्या दऱ्यांत जुन्या अँटेनाला काही सापडणे अवघडच होते. उपग्रहाची लहर मात्र जवळजवळ डोक्यावरून उतरते. तिला अडवायचे तर आग्नेयेकडील डोंगर घरापासून जितका दूर आहे, त्याच्या दीडपटीहून अधिक उंच असावा लागतो. शंभर मीटरवर दीडशे मीटरचा कडा, असा प्रकार अगदी विरळा. म्हणून दरीच्या तळाशी असलेल्या पाड्यातही छत्री चालते. गच्चीवर, टाकीवर, बांबूच्या टोकावर ती चढवण्याचे काही कारण उरत नाही. अंगणात जमिनीपासून हातभर उंचीवर बसवलेली छत्री तिसऱ्या मजल्यावरच्या छत्रीइतकेच काम करते. उलट खाली असल्याने ती वाऱ्याने कमी हलते, विजेचा धोका घटतो आणि पुसायलाही हाताशी असते. गुरे आणि मुले यांच्यापासून मात्र तिला आडोसा हवा.

खरा अडथळा असतो तो झाडांचा. आंबा, कडुनिंब, मोह यांची दाट पालवी ही लहर शोषून घेते, आणि पावसाळ्यात भिजलेली पाने तर अधिकच. येथेही दीडपटीचाच हिशेब लावावा. झाड छत्रीपासून आग्नेयेला पाच मीटरवर असेल, तर छत्रीच्या पातळीपासून साडेसात मीटरपर्यंतची उंची चालेल. त्याहून उंच असेल तर जागा बदलावी. एप्रिलमध्ये पानगळीनंतर बसवलेली छत्री ऑगस्टमध्ये रुसते, त्यामागे पुष्कळदा झाडाचीच वाढ असते. तंत्रज्ञाच्या माथी खापर उगाच फुटते.

जागा पारखण्याची एक नैसर्गिक खूण आहे आणि तिला मोबाइलही लागत नाही. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, सकाळी अकराच्या सुमारास, नंदुरबारहून पाहताना सूर्य आकाशात नेमका या उपग्रहाच्याच जागी येतो. त्या वेळी तुमच्या नियोजित जागेवर लख्ख ऊन असेल, तर उपग्रह आणि छत्री यांच्यामध्ये काहीही नाही. सावली असेल, तर ज्याची सावली आहे तेच उद्या चित्र अडवणार. याच दिवसांत सकाळी काही मिनिटे चित्र फुटते किंवा जाते. सूर्यच छत्रीच्या नजरेसमोर आल्याने हे घडते. दोन-चार दिवसांत ते आपोआप थांबते. त्यासाठी कोणाला बोलावून पैसे देऊ नयेत.

ओळंबा, पाना आणि धीर

छत्री निवडताना ६० सेंटिमीटरची घ्यावी की मोठी, असा प्रश्न येतो. कोरड्या दिवसांत ६० सेंटिमीटरची पुरते. पण अडीच सेंटिमीटरच्या लहरीला पावसाचे थेंब अडवतात. मुसळधार सरीत चित्र चौकोनी तुकडे होऊन गोठते, ते यामुळेच. ९० सेंटिमीटरच्या छत्रीचे क्षेत्रफळ ६० वालीच्या सव्वादोन पट असते, तेवढी अधिक लहर ती गोळा करते आणि पावसात जरा जास्त तग धरते. नवापूर, अक्राणी, अक्कलकुवा या पावसाच्या भागात ७५ किंवा ९० ची घेतलेली बरी. ढगफुटीसारख्या पावसात कोणतीही छत्री टिकत नाही, हेही लक्षात असावे. मोठ्या छत्रीला वारा अधिक धरतो, त्यामुळे तिचा पाया तितकाच भक्कम लागतो.

पाया हाच अर्धा विजय. सिमेंटच्या भिंतीला खिळबोल्टने पट्टी ठोकता येते. कुडाच्या भिंतीला, कौलाला किंवा पत्र्याला छत्री कधीही बांधू नये. पहिल्या वादळात ती आणि पत्रा दोन्ही जातात. अशा घरांसाठी अंगणात दीड-दोन फूट खोल खड्डा करून काँक्रीटमध्ये लोखंडी नळी पुरावी आणि तीन-चार दिवस ते घट्ट होऊ द्यावे. नळी उभी आहे का, हे गवंड्याच्या ओळंब्याने दोन बाजूंनी तपासावे. नळी कललेली असेल, तर छत्री डावी-उजवीकडे फिरवताना तिची उंचीही बदलत राहते आणि तासभर फिरवूनही उपग्रह सापडत नाही. ओळंबा न लावता कामाला लागणाऱ्याला तेथेच थांबवावे.

पुढचे काम रोखाचे. मोबाइलमधील होकायंत्राने आग्नेय पाहता येते, मात्र लोखंडी नळीपासून चार पावले दूर उभे राहून. लोखंडाजवळ सुई फसते. छत्रीच्या मागील पट्टीवर अंशांच्या खुणा असतात, त्यावर ५७ अंश लावून बोल्ट हलकेच आवळावा. येथे बहुतेकांचा गोंधळ होतो. बाजारातील छत्र्यांची रचना अशी असते की पत्रा दिसतो त्यापेक्षा सुमारे २५ अंश वर तिची नजर असते. त्यामुळे ५७ अंशांवर लावलेली छत्री समोरून पाहताना समोरच्या घराकडे बघत असल्यासारखी वाटते. ती आकाशाकडेच पाहत असते. डोळ्यांना पटत नाही म्हणून तिला आणखी मागे झुकवू नये.

बॉक्सच्या मेनूत सिग्नलचे दोन आकडे दिसतात, 'स्ट्रेंग्थ' आणि 'क्वालिटी'. छत्रीच्या पुढील दांडीवर बसणाऱ्या एलएनबीला वीज पोचली की पहिला आकडा छत्री कोठेही असली तरी वर जातो. खरा आकडा दुसरा. तो शून्यावर असेल तर आणखी शोधावे. छत्री आग्नेयेच्या आधीपासून पलीकडेपर्यंत अगदी सावकाश, बोटभर सरकवून दोन-तीन सेकंद थांबत फिरवावी, कारण बॉक्सला ओळखायला तेवढा वेळ लागतो. सापडले नाही तर उंची एक-दोन अंशांनी बदलून पुन्हा तेच. घाई करणाऱ्याला हे साधत नाही. ६० सेंटिमीटरच्या छत्रीची कड अर्धा सेंटिमीटर हलली की तिचा रोख एका अंशाने बदलतो आणि तिची एकूण नजरच जेमतेम तीन अंशांची असते. क्वालिटी मिळाली की मग एलएनबी स्वतःभोवती हळूहळू फिरवून आकडा सर्वाधिक होईल तेथे थांबवावा. बोल्ट आवळताना एका बाजूने एकदम न आवळता, आळीपाळीने थोडे-थोडे आवळावेत आणि प्रत्येक वेळी आकडा पाहावा. शेवटच्या आवळणीतच रोख सुटतो.

वायर 'आरजी-६' या नावाने मिळणारी घ्यावी. जुन्या अँटेनाची चपटी वायर येथे चालत नाही. मध्ये सांधा नको. एलएनबीला वीज याच वायरमधून जाते. त्यामुळे टोके जोडताना बॉक्सचे बटण बंद असावे, नाहीतर केसाएवढ्या जाळीच्या तारेने शॉर्ट होऊन बॉक्स जायचा. घरात शिरण्यापूर्वी वायरीला खाली एक झोल द्यावा, म्हणजे पाणी त्या झोलावरून टपकते आणि भिंतीतून आत येत नाही. एलएनबीच्या प्लॅस्टिकच्या टोपीला चीर गेली की पावसाळ्यात पाणी आत जाते. मेमधील ऊन सोसून ही टोपी दोन-तीन वर्षांत ठिसूळ होते, म्हणून जूनपूर्वी एकदा पाहून घ्यावी. विजेच्या तारांखाली छत्री बसवू नये आणि गडगडाट सुरू झाला की बॉक्सचा प्लग आणि छत्रीची वायर दोन्ही काढून ठेवावे.

बॉक्स निवडताना 'एमपेग-४' असल्याची खात्री करावी. स्वस्तात मिळणारे जुने 'एमपेग-२' बॉक्स सगळ्या वाहिन्या दाखवीत नाहीत. नवा टीव्ही घ्यायचाच असेल, तर उपग्रहाचा ट्यूनर आतच असलेल्या टीव्हीसाठी भारतीय मानक ब्यूरोने २०२२ मध्ये मानक निश्चित केले आहे. अशा संचाला वेगळा बॉक्स लागत नाही. बंद पडलेल्या खासगी डीटीएच सेवेची छत्री घरात पडून असेल तर ती बहुतेकदा वापरता येते, फक्त रोख नव्याने लावावा लागतो. तिचा बॉक्स मात्र कामाचा नसतो.

आपल्या गावचे काय?

येथवर आल्यावर वाचक विचारतील, की यात नंदुरबारचे म्हणून काय दिसणार? प्रामाणिक उत्तर असे, की फारसे काही नाही. छत्रीतून सह्याद्री दिसते. १९९४ मध्ये सुरू झालेली आणि २००० पासून या नावाने ओळखली जाणारी ही दूरदर्शनची मराठी वाहिनी राज्याची आहे, जिल्ह्याची नव्हे. शेतकऱ्यांसाठी २०१५ पासून डीडी किसान आहे. गुजरातीसाठी गिरनार वाहिनी आहे, आणि ज्यांच्या रेल्वे स्थानकाच्या मधूनच दोन राज्यांची सीमा जाते, त्या नवापूरकरांना तिचे अप्रूप वाटायचे कारण नाही. आकाशवाणीच्या अनेक वाहिन्याही याच बॉक्सवर ऐकू येतात. पण नगरपालिकेची सभा, बाजार समितीचा मिरचीचा भाव, अस्तंबा यात्रेचे चित्रण हे सारे केबलचालकांच्या स्थानिक वाहिन्यांवरच सापडते. त्या वाहिन्या तारेतूनच येतात, छत्रीतून नाहीत. छत्री बसवून केबल तोडणाऱ्याने हा तोटा आधीच हिशेबात धरावा. उलट बाजूने पाहता, केबल ठेवणाऱ्याला दूरदर्शनसाठी वेगळी छत्री लागत नाही. १९९५ च्या केबल कायद्यानुसार दूरदर्शनच्या विहित वाहिन्या दाखवणे केबलचालकांना बंधनकारक आहे. भिली, पावरी, मावची, अहिराणी बोलणाऱ्या प्रेक्षकाला मात्र स्वतःच्या बोलीची स्वतंत्र वाहिनी छत्रीतूनही मिळत नाही आणि तारेतूनही नाही. जुनी केंद्रे असतानाही ती मिळत नव्हती. तांत्रिक अडचण यामागे नाही. ही उणीव धोरणाची आहे.

या सेवेची खरी परीक्षा २०२० मध्ये झाली. करोनाकाळात शाळा बंद झाल्यावर ज्या पाड्यांत मोबाइलचे जाळे नव्हते, तेथे ऑनलाइन वर्ग ही थट्टाच होती. त्या वर्षी जुलैमध्ये सह्याद्रीवर पहिली ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी 'टिलीमिली' ही मालिका सुरू झाली आणि केंद्र सरकारने इयत्तागणिक एक अशा बारा शैक्षणिक वाहिन्या आणल्या. २०२२-२३ च्या अर्थसंकल्पात त्यांची संख्या दोनशेपर्यंत नेण्याची घोषणा झाली. या वाहिन्या फ्री डिशवर विनाशुल्क आहेत. दहावीचे मूल घरात असेल, तर केवळ एवढ्यासाठीही छत्रीचा खर्च वसूल होतो, असे आमचे मत आहे.

ज्यांना तो खर्चही परवडत नाही, त्यांच्यासाठी एक योजना नोंदवून ठेवण्यासारखी आहे. जानेवारी २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने प्रसारण पायाभूत सुविधांच्या 'बाइंड' या २,५३९ कोटी रुपयांच्या योजनेला मंजुरी दिली. दुर्गम, आदिवासी, सीमावर्ती आणि नक्षलग्रस्त भागांबरोबरच आकांक्षित जिल्ह्यांतील कुटुंबांना आठ लाखांहून अधिक फ्री डिश बॉक्स मोफत देण्याची तरतूद तीत आहे. आकांक्षित जिल्ह्यांच्या २०१८ च्या यादीत महाराष्ट्रातील चार जिल्ह्यांची नावे होती, त्यांपैकी एक नंदुरबार. जिल्हा आदिवासीबहुल आहे आणि त्याचा मोठा भाग दुर्गम आहे, हे वेगळे सांगायला नको. निकषांत इतक्या बाजूंनी बसणाऱ्या जिल्ह्याने आपला वाटा मागितला पाहिजे. ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घेऊन ठराव जिल्हाधिकारी कार्यालयाकडे पाठवायला पैसे लागत नाहीत.

छत्री बसल्यानंतरची एक गोष्ट बसवणारे सहसा सांगत नाहीत. फ्री डिशवरील खासगी वाहिन्यांच्या जागांचा दूरदर्शन लिलाव करते आणि वर्षाचा हिशेब १ एप्रिलपासून बदलतो. त्यामुळे एप्रिल उजाडताच एखादी आवडती मराठी वाहिनी नाहीशी होते आणि नवी कोणती तरी येते. दूरदर्शनच्या स्वतःच्या वाहिन्या मात्र कायम असतात. अशा वेळी छत्रीला हात लावू नये. रिमोटवरून मेनूत जाऊन वाहिन्यांचा शोध नव्याने घ्यावा, पाच मिनिटांत यादी ताजी होते. सह्याद्रीही दिसेनाशी झाली असेल, तरच नळी, बोल्ट आणि वायर तपासायला अंगणात जावे.